कौल, थोरात, थापर, सेन: १९६२ च्या सेनापतींना पारखायचं कशावर?

वाईकरीण

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला १९६२ च्या युद्धातल्या सेनापतींवर बोलायचं आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. घरात सैन्यातलं कोणी नाही, म्हणून जाणकारांना इथे विचारते.

वाचायला बसले आणि गुंतत गेले. त्या युद्धात ज्यांनी हुकूम दिले आणि ज्यांनी ते झेलले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे पुस्तकं लिहिली. कौल यांनी लिहिलं, नामका चू नदीवर चिन्यांच्या हाती सापडलेले ब्रिगेडियर दळवी यांनी लिहिलं, आपल्या थोरातांनी लिहिलं. प्रत्येकाच्या पुस्तकात दुसरा कोणीतरी दोषी आहे. कौल पंतप्रधानांच्या मर्जीतले आणि युद्धात पलटण चालवण्याचा अनुभव नसलेले, हे सगळीकडे सापडतं. पण हेच कौल ऑक्टोबरात स्वतः डोंगर चढून नामका चूपर्यंत गेले होते, हेही सापडतं. सरसेनापती थापर यांना दुबळे म्हणतात, पण सरकारकडे लेखी हुकूम मागणारेही तेच.

मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते एका जुन्या लढाईनं. जानेवारी १९४५ मध्ये आराकानात कांगाव इथे थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन हे तिघं एकाच ५१ ब्रिगेडमध्ये आपापली पलटण घेऊन जपान्यांशी लढले. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. पुढे थिमय्या सरसेनापती झाले, थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले आणि थोरातांच्या जागी आले ते सेन. त्यांच्याच काळात नेफात (आजचा अरुणाचल प्रदेश) आपण हरलो. एकाच आगीतून निघालेले हे तिघं. मग १९६२ मध्ये एकाचं नाव आदरानं घेतलं जातं आणि दुसऱ्याचं का नाही?

कट्ट्यावरच्या ज्येष्ठांचा निकाल तयार आहे: कौल भित्रा होता, आणि थोरात सरसेनापती झाले असते तर चीनची हिंमत झाली नसती. मला हे इतकं सोपं वाटत नाही. या माणसांचे स्वभाव आणि त्यांची आपापसातली चुरस यांचा न्याय नेमका कशाच्या आधारे करायचा?

---

पंचगंगा

ताई, तुमच्या कट्ट्यावरचे ज्येष्ठ फार चुकत नाहीत. शंकरराव थोरात आमच्या कोल्हापूरकडचे, म्हणून अभिमानानं बोलतो, पण कागदाला धरून बोलतो.

थोरात तेव्हा लखनौला पूर्व विभागाचे आर्मी कमांडर होते. ८ ऑक्टोबर १९५९ ला त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा लेखी आराखडा वर पाठवला. पुढच्या चौक्या फक्त इशारा देण्यापुरत्या ठेवायच्या आणि खरी लढाई मागे द्यायची, जिथे आपली रसद पोचते आणि चिन्यांची ताणली जाते. मग १७ मार्च १९६० ला लखनौमध्ये ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन, चीननं हल्ला केला तर काय होईल हे सगळ्या वरिष्ठांसमोर मांडलं. तो सराव वाचला की दोन वर्षांनी जे झालं तेच आधी वाचल्यासारखं वाटतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याला किंमत दिली नाही.

आणि हा माणूस केवळ नकाशावरचा नव्हता. कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय फौजेचे ते प्रमुख होते. कैद्यांनी आपला एक मेजर छावणीत पकडून ठेवला, तेव्हा थोरात त्या खवळलेल्या जमावात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. त्यांना अशोकचक्र वर्ग २ मिळालं, आज ज्याला कीर्तिचक्र म्हणतात. थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचं नाव सुचवलं होतं. त्यांना डावलून थापरांना आणलं, कारण मेनन आणि कौल यांना होकार भरणारा माणूस हवा होता. यात आणखी पारखायचं काय उरलं?

---

सिग्नलवाला_सातारा

वाईकर ताई, नमस्कार. मी कोअर ऑफ सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९६२ चं युद्ध मी लढलेलो नाही. ऐंशीच्या दशकात माझी नेमणूक आसामात तेजपूरला होती आणि तिथून वर बोमडिला, सेला, तवांग या रस्त्यावर. तो मुलूख पायाखालचा आहे. आणि नोकरीभर काम एकच, एकाचा हुकूम दुसऱ्यापर्यंत पोचवायचा. तेव्हा मी या सगळ्या साहेबांकडे सिग्नल सेंटरच्या खिडकीतूनच बघतो, आणि मला तीच खिडकी बरोबर वाटते.

माझं म्हणणं असं की सेनापतीला त्याच्या पुस्तकावरून पारखू नका, आणि त्याच्या वैऱ्याच्या पुस्तकावरूनही नको. त्या दिवशी, त्या वेळेला त्यानं काय लिहून पाठवलं ते बघा. मेसेज फॉर्मवर तारीख आणि वेळ टाकावीच लागते. ती वेळ नंतर कोणाच्या सोयीनं सरकत नाही. आणि दुसरं बघा, हाताखालच्यानं ‘हे होणार नाही’ असं कळवलं तेव्हा वरच्यानं त्या माणसाचं काय केलं.

आता नामका चूवर येऊ. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी ढोला चौकीजवळ उतरले. ही चौकी त्याच वर्षी जूनमध्ये बसवलेली, थागला रांगेच्या दक्षिणेला, नदीच्या अंगाला. त्या रांगेवर बसलेल्याला खालचे आपले खंदक दिसतात आणि आपल्याला वर बघत लढावं लागतं. खाली रस्ता नाही. माल येणार तो विमानातून टाकलेला, त्यातला बराचसा दरीत जायचा. ३३ कोअरचे कमांडर उमरावसिंग म्हणाले की ही लढायची जागा नव्हे (ब्रिगेडच्या वर डिव्हिजन, तिच्या वर कोअर, आणि कोअरच्या वर लखनौचा पूर्व विभाग). खालून ब्रिगेडियर दळवी आणि डिव्हिजनचे निरंजन प्रसाद यांनी चिन्यांना हाकलायचं असेल तर किती तोफा, किती दारूगोळा, किती रेशन आणि किती गरम कपडे लागतील याचा हिशेब मांडला. उमरावसिंगांनी तो लखनौला सेन यांच्याकडे दिला. हिशेब अवास्तव म्हणून नाकारला गेला. आणि ४ ऑक्टोबरला नवीन ४ कोअर उभी करून नेफा उमरावसिंगांच्या हातून काढला आणि कौल यांच्याकडे दिला. जवान तेच, डोंगर तोच, साठाही तोच. फक्त ‘होणार नाही’ म्हणणारा माणूस बदलला.

या एका फेरबदलावरून मी सेन आणि थापर दोघांना पारखतो. उमरावसिंगांचा हिशेब चूक वाटत होता तर त्यांना दुरुस्त करून दाखवायचा होता. बरोबर वाटत होता तर त्यांच्या मागे उभं राहायचं होतं. दोघांनी यातलं काहीच केलं नाही.

थापर यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. २२ सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी बजावलं होतं की आपण इथे काही केलं तर चीन लडाखमध्ये उलटेल. त्यांनी लेखी हुकूम मागितला. तो आला, चिन्यांना हाकलून लावा असा, आणि खाली सही होती संरक्षण मंत्रालयातल्या सहसचिवाची. आपल्याला न पटलेल्या एवढ्या मोठ्या कामाचा कागद सहसचिवाच्या सहीनं आला आणि सरसेनापतींनी तो घेतला. त्यांना धोका दिसत नव्हता असं म्हणताच येत नाही. धोका दिसून त्यांनी तो कागदावर नोंदवला आणि मग हुकूम खाली पाठवला. जवानाच्या दृष्टीनं या दोन्हींत फरक पडत नाही.

कौल भित्रे नव्हते, हे कट्ट्यावर ठामपणे सांगा. तेजपूरला पोचल्यावर ते थांबले नाहीत, सरळ वर गेले. उंचीची सवय नसताना गेले, काही चढण तर पोर्टरच्या पाठीवरून पार केली, आणि पुढे छातीत पाणी होऊन आजारी पडले. कोअर कमांडर एवढ्या पुढे सहसा येत नाही. पण तिथे जाऊन त्यांनी केलं काय? ९ पंजाबची छोटी तुकडी नदीपलीकडे सेंगजोंगला पाठवली. १० ऑक्टोबरला चिन्यांनी तिच्यावर मोठा हल्ला चढवला. कौल यांनी तो स्वतः बघितला, आणि त्याच दिवशी दिल्लीला सांगायला निघाले. ११ च्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली. हल्ला थांबवायचा ठरलं, पण दळवींच्या ७ ब्रिगेडला त्या खड्ड्यातून मागे घ्यायचं ठरलं नाही. बैठकीत कोण काय बोललं याच्या चार हकिगती आहेत. निष्पन्न मात्र एकच: चार पलटणी नदीकाठी तशाच राहिल्या. अंगावर सुती कपडे, तोफा नावाला. पुढे कौल आजारी होऊन दिल्लीला आले, कमान सोडली नाही, आणि घरून पलंगावरून फोनवर चौक्या धरून ठेवायला सांगत राहिले. २० ऑक्टोबरला पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या, तारा तुटल्या आणि काही तासांत ब्रिगेड संपली.

ज्या माणसानं ती जागा डोळ्यांनी बघितली, त्यालाच ती सोडा म्हणण्याचा सगळ्यात मोठा अधिकार होता. कौल यांचं शब्द ऐकलं जाईल असं वजन दिल्लीत होतं, थापरांपेक्षाही जास्त. माझा त्यांच्यावरचा आरोप हा आहे. डोंगर चढण्याचं धैर्य त्यांच्यात होतं. ज्यांच्या मर्जीतून आपण वर आलो त्यांना नाराज करण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं नाही.

आता सेलाची रात्र. ताई, तुम्ही बोलाल तेव्हा या रात्रीला वेळ द्या, कारण सगळे साहेब इथे एकत्र सापडतात.

सेला म्हणजे १३,७०० फुटांची खिंड. तवांगकडून येणाऱ्याला ती ओलांडल्याशिवाय खाली उतरता येत नाही. ऑक्टोबरनंतर तिथे ६२ ब्रिगेड बसवली होती, ब्रिगेडियर होशियारसिंग. साठा होता, खंदक होते, नामका चूसारखी दशा नव्हती. डिव्हिजनचं मुख्यालय मागे दिरांगला, तिथे निरंजन प्रसादांच्या जागी आलेले ए. एस. पठानिया. हे पठानिया म्हणजे १९४८ च्या काश्मीर युद्धातले महावीरचक्र. पराक्रमी माणूस, शंका नको.

१७ नोव्हेंबरला चिनी डोंगरातून वळसा घालून मागचा रस्ता तोडायला लागले. पठानियांनी तेजपूरला फोन लावला, सेला सोडून मागे येऊ का? तेजपूरला कौल नव्हते, ते नेफाच्या पूर्व टोकाला वालोंगच्या बाजूला गेले होते. पण त्यांच्या मुख्यालयात त्या वेळी कोण बसलं होतं? सरसेनापती थापर आणि आर्मी कमांडर सेन. भारतीय सैन्यातले त्या मोहिमेवरचे सगळ्यात वरचे दोन अधिकारी. दोघांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कोअर कमांडर येऊ दे, म्हणाले. कौल संध्याकाळी आले. आधी परवानगी दिली, मग फिरवली, मग जो हुकूम गेला त्याचा मतलब असा: जमेल तितका वेळ जागा धरा, आणि धरणं अशक्य झालं तर धरता येईल अशा दुसऱ्या जागेवर मागे जा.

मी आयुष्यभर हुकूम पोचवले म्हणून सांगतो, असा निरोप हातात आला की खालच्याला कळत नाही आपल्याला काय सांगितलंय. जागा धरली आणि माणसं मेली तर ‘मागे जायची मुभा होती’. मागे आला आणि खिंड गेली तर ‘धरायला सांगितलं होतं’. वरच्याच्या हातात दोन्ही बाजूंचा पुरावा आणि खालच्याच्या गळ्यात दोन्ही बाजूंचा दोष. होशियारसिंग खिंड सोडायला तयार नव्हते असं बहुतेक हकिगतींत आहे. रात्री माघार सुरू झाली, अंधारात एक पलटण हलली, बघून दुसरी हलली, आणि लढणारी ब्रिगेड रस्त्यावर विस्कटली. होशियारसिंग त्या माघारीत मारले गेले. १८-१९ ला बोमडिलाही गेलं.

तुमच्या कांगावच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खोलीत दिसतं. १९४५ मध्ये सेन यांच्यासमोर टेकडी होती, ती घ्यायची की नाही हा प्रश्न नव्हता, कशी घ्यायची हा होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरबाहेर शालटेंगला त्यांच्या १६१ ब्रिगेडनं टोळीवाल्यांचं कंबरडं मोडलं, तेही असंच. समोर शत्रू दिसत असताना हा माणूस खणखणीत होता. तेजपूरच्या खोलीत शत्रू दिसत नव्हता. दिसत होतं ते पुढचं चौकशीचं टेबल. पठानियांचंही तेच.

---

दौलताबादी

सुभेदारसाहेब, सेलाच्या रात्रीचं वर्णन वाचून गप्प व्हायला झालं. तरी तीन बाबतींत मतभेद मांडतो.

पंचगंगा यांना आधी: थापर सेवाज्येष्ठतेत थोरातांच्या किंचित पुढेच होते. दोघं १९२६ चेच, काही महिन्यांचा फरक. थिमय्यांनी थोरातांचं नाव सुचवलं हे खरं, पण सरकारनं ज्येष्ठ माणूस नेमला, त्याला ‘डावललं’ म्हणणं एकतर्फी आहे. आणि थोरातांच्या आराखड्याचा अर्थ असा की वेळ आली तर तवांगसकट पुढचा पट्टा सुरुवातीला शत्रूच्या हाती जाऊ द्यायचा. १९५९ मधल्या लोंगजू आणि कोंगका ला इथल्या चिन्यांशी झालेल्या चकमकींनंतर संसदेत जे वातावरण होतं, त्यात हे कोणता पंतप्रधान उभा राहून सांगू शकला असता? सरसेनापती थोरात असते तरी नोव्हेंबर १९६१ मधलं पुढे-पुढे चौक्या बसवायचं धोरण आलंच असतं. ते राजकीय होतं, आणि गुप्तचर खात्याचा भरवसा होता की चीन गोळी चालवणार नाही.

दुसरं, चुरशीबद्दल. कौल एकटे गटबाज होते का? थिमय्यांचा गट आणि कौल यांचा गट असे दोन तट अधिकाऱ्यांमध्ये १९५९ पासून होतेच. थिमय्यांनी ३१ ऑगस्ट १९५९ ला राजीनामा दिला तो मेनन यांच्याशी बिनसल्यामुळे, त्यात बढत्यांचे वाद होते. नेहरूंनी समजावल्यावर मागे घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या शब्दाला दिल्लीत धार राहिली नाही. माझ्या मते सैन्याचं सगळ्यात मोठं नुकसान त्या मागे घेतलेल्या राजीनाम्यानं केलं. द्यायचा नव्हता, किंवा दिला तर टिकवायचा होता. थिमय्या आवडते आहेत म्हणून त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तिसरं, साहेब, तुमच्या कसोटीबद्दल. मेसेज फॉर्म खोटं बोलत नाही, मान्य. पण तो सगळं बोलतही नाही. कौल आणि दिल्ली यांच्यातलं निम्मं फोनवर झालं. युद्धानंतर पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत या सेनाधिकाऱ्यांनी केली, तिच्या कक्षेत सेना मुख्यालयाच्या वरचे निर्णय नव्हतेच. कागद फक्त खालच्यांचे सापडतात. तुमच्या कसोटीवर पठानिया नापास होतात आणि मेनन परीक्षेलाच बसत नाहीत.

---

सिग्नलवाला_सातारा

दौलताबादी साहेब, तिसरा मुद्दा पूर्ण मान्य. मुलकी बाजूचा हिशेब या मापानं होत नाही. पण ताईंनी सेनापतींबद्दल विचारलंय, आणि मी मुद्दामच वरून खाली येत गेलो. माझ्या लेखी पठानियांचा दोष सगळ्यात शेवटी आहे. हुकूम मागणाऱ्याला हुकूम द्यायचा नाही, हा दोष तेजपूरचा.

थोरातांबद्दल माझं मत तुमच्या आणि पंचगंगांच्या मधलं आहे. ते असते तर आपण जिंकलो असतो, हे मी म्हणणार नाही. रस्तेच नव्हते, तो आराखडाही माणसं आणि तोफा मिळाल्या असत्या तरच चालला असता. पण कौल, दळवी सगळे युद्धानंतर शहाणपण सांगतात, आणि थोरातांचं शहाणपण युद्धाच्या तीन वर्षं आधीच्या तारखेचं आहे. म्हणून त्यांचा कागद मला जास्त मोलाचा. त्यांच्या आत्मचरित्रात आहे की युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून विचारलं, हा आराखडा मला आधी का नाही दाखवला? आता इथे मला थोरातांनाही प्रश्न विचारावासा वाटतो. १९६० मध्ये मंत्र्यानं कागद बाजूला ठेवला, हे त्यांना आणि थिमय्यांना दोघांनाही माहीत होतं. शिस्तीच्या चौकटीत पंतप्रधानांपर्यंत जायची वाट सरसेनापतीला असते. थिमय्यांनी ती त्या कागदासाठी वापरली असती तर? राजीनामा त्यांनी मानासाठी आणि बढत्यांसाठी दिला. ‘लाल किला’साठी दिला असता तर आज त्याचं मोल वेगळं असतं. इथे मी तुमच्याशी सहमत आहे.

चुरशीबद्दल मात्र तुम्ही दोन्ही तटांना एकाच मापात घालता, ते मला मान्य नाही. सैन्यात चुरस असतेच. मी पलटणीत बघितली, ब्रिगेडमध्ये बघितली. प्रश्न एवढाच की ती चुरस कोणाच्या गोपनीय अहवालापर्यंत पोचते. सॅम माणेकशा वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना त्यांच्यावर देशनिष्ठेच्या नावानं चौकशी बसवली. कशावरून? तर त्यांच्या बोलण्यावरून. दौलतसिंग यांच्या चौकशी मंडळानं त्यांना निर्दोष ठरवलं, पण तोवर संदेश सगळ्या मेसमध्ये गेला होता की तोंड उघडलं तर काय होतं. त्यानंतर वर्षभरात सेनापती खरं बोलायला कचरतात म्हणून आपण आश्चर्य करतो. थिमय्यांच्या माणसांनी कौल यांची निंदा केली असेल. कोणाची देशनिष्ठा त्यांनी चौकशीला लावली नाही.

---

पंचगंगा

साहेब, माणेकशांचा उल्लेख झालाच आहे तर पुढचंही लिहा. मेनन गेले, यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि कौल यांच्या ४ कोअरवर माणेकशांनाच पाठवलं.

आणि थापर ज्येष्ठ होते हे मान्य करतो. पण दौलताबादी, ज्येष्ठता बघून सरसेनापती नेमणाऱ्यांनी कौल यांना चीफ ऑफ जनरल स्टाफ करताना आणि नंतर कोअर देताना अनुभव का बघितला नाही, याचंही उत्तर हवं.

---

दौलताबादी

त्याला उत्तर नाही. तो निर्णय चूकच होता.

---

वाईकरीण

तिघांचे मनापासून आभार. पंचगंगा, थोरातांचा कोरियातला प्रसंग मला माहीत नव्हता, तो नक्की सांगेन.

सुभेदारसाहेब, एकच विचारते. तुमच्या कसोटीवर कोण उतरतं? फक्त दोष दाखवून मी व्याख्यान संपवलं तर मुलं (आमच्या कट्ट्यावर नववी-दहावीची मुलंही येतात) असं समजतील की त्या युद्धात धड हुकूम देणारा कोणी नव्हताच. आणि निरंजन प्रसाद यांच्याबद्दल मला निर्णय करता येत नाही. नामका चूवर त्यांनी विरोध केला, म्हणजे ते बरोबर होते. तरी १९६५ मध्ये लाहोर आघाडीवर १५ डिव्हिजनवरून त्यांना पुन्हा काढलं.

---

सिग्नलवाला_सातारा

ताई, निरंजन प्रसादांवरून असं दिसतं की एका वेळी बरोबर असणारा माणूस दुसऱ्या वेळी कमी पडू शकतो. १९६२ मध्ये त्यांचा हिशेब बरोबर होता, पण तो नाकारल्यावरही ते खुर्चीवर राहिले आणि न पटलेला हुकूम दळवींकडे पाठवत राहिले. १९६५ मध्ये इच्छोगिल कालव्यावर त्यांच्याकडे पुरेसं बळ होतं आणि तिथे ते ढिले पडले. दोन्ही वेगवेगळं सांगा, एकावरून दुसऱ्याचा निकाल लावू नका.

उतरणारे आहेत. हरबक्षसिंग यांना ऑक्टोबरच्या शेवटी, कौल आजारी असताना, ४ कोअर जेमतेम चार-पाच दिवस मिळाली. तेवढ्यात त्यांनी सेला धरायचा ठरवून तयारीला लावलं. मग कौल बरे होऊन परत आले आणि कोअर पुन्हा त्यांना दिली. युद्धाच्या मध्यावर, आजारातून उठलेल्या माणसासाठी चालता सेनापती बदलला. पुढे १९६५ मध्ये सरसेनापती चौधरी यांनी बियास नदीमागे हटायला सांगितलं आणि आपण नकार दिला असं हरबक्षसिंग लिहितात. चौधरींच्या बाजूनं ते मानलं जात नाही. म्हणून ते मी पुराव्यात धरत नाही, पण त्या चार-पाच दिवसांचे हुकूम धरतो.

मुलांना खालच्या पायरीवरचंही सांगा. १८ नोव्हेंबरला, सेला सुटली त्याच दिवशी, लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग यांची १३ कुमाऊंची कंपनी जागेवरून हलली नाही. त्यांच्या मदतीला आपला तोफखाना मारा करू शकत नव्हता, मध्ये डोंगर होता. त्या कंपनीला काय करायचं आहे हे स्पष्ट माहीत होतं. पश्चिम विभागाकडे दौलतसिंग होते, ज्यांनी माणेकशांना निर्दोष ठरवलं तेच. लडाखमध्येही आपली जमीन गेली, पण तिथे फौज मोडली नाही.

आणि माणेकशा. तेजपूरला ४ कोअरवर आल्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट तुम्हाला माहीत असेल: लेखी हुकमाशिवाय कोणी मागे हटायचं नाही, आणि असा लेखी हुकूम निघणार नाही. माझ्या नेमणुकीच्या काळात तिथले जुने लोक ही ओळ सांगायचे. बहुतेक जण ती मर्दानी बोलणं म्हणून सांगतात. मी ती सिग्नल सेंटरमधला माणूस म्हणून ऐकतो. पठानियांनी १७ नोव्हेंबरला जो प्रश्न तेजपूरला विचारला होता आणि ज्याला तिथे बसलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं नाही, त्याचं उत्तर त्यांनी आल्या आल्या, कोणी विचारायच्या आत दिलं. आता मागे गेलो किंवा नाही गेलो, जबाबदारी कोणाची हे शिपायापासून ब्रिगेडियरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं.

व्याख्यानात नकाशा लावा. तेजपूर, बोमडिला, दिरांग, सेला, तवांग आणि वर डावीकडे नामका चू. मुलांना तेजपूरवर बोट ठेवायला सांगा, मग नामका चूवर. मधले डोंगर दाखवा आणि मग विचारा की इथल्या हुकमाला तिथे पोचायला किती वेळ लागत असेल आणि तोवर तिथे काय बदललं असेल. बाकीचं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. व्याख्यान झालं की प्रश्न काय आले ते इथे लिहा. सेलाबद्दल कोणी विचारलं तर मला कळवा, त्या रस्त्याचे माझ्याकडे हाताने काढलेले आराखडे आहेत, त्यांचे फोटो इथेच टाकतो.